खारे पाणी, कोवळी पिले आणि पेंडीचा हिशेब

खाऱ्या विहिरीचे करायचे काय, हा आपल्या भागातला जुना प्रश्न आहे. वडोदऱ्याहून नैर्ऋत्येकडे निघाले की ढाढर नदीच्या दोन्ही काठांनी जंबुसर, आमोद आणि पुढे वागरा हे भरूच जिल्ह्यातील तालुके लागतात. जमीन काळी, भारी, कपाशीची. पण खाली खोदावे तर पाणी तोंडात धरवत नाही. पावसावर एक पीक येते, उन्हाळ्यात वावरावर पांढरी खार फुटते आणि बोअरसाठी काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते. देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे आणि त्यातील सुमारे २२ लाख हेक्टर एकट्या गुजरातेत आहे. इतकी बाधित जमीन दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही. म्हणून हा प्रश्न चारदोन कुटुंबांचा नाही.

अलीकडे या प्रश्नाला एक उत्तर सुचवले जाते : खाऱ्या पाण्याचे तळे करा आणि त्यात मासे पाळा. रविवारी मिस्सानंतर आवारात उभे राहून बोलताना हा विषय वरचेवर निघतो. कोणी हरियाणात पाहून आलेला असतो, कोणाला खाद्य विकणाऱ्याने आकडे सांगितलेले असतात. सगळ्यांचे प्रश्न मात्र तळ्याचे असतात. किती खोल खणावे, प्लास्टिक अंथरावे की नाही, बीज कोठून आणावे, अनुदान किती मिळेल. पिलांना खायला काय घालायचे, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आमच्या मते या धंद्याचे बरेवाईट ठरते ते याच न विचारलेल्या प्रश्नावर. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रयोग नवा नाही

समुद्रापासून दूर, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात मासे वाढवता येतात हे आता सिद्ध झालेले आहे. हरियाणात कालव्याचे पाणी आले, पण निचऱ्याची सोय पुरेशी झाली नाही. त्यामुळे भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि कित्येक शेते पडीक झाली. मुंबईच्या वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचे एक केंद्र रोहतकजवळ लाहली येथे आहे. तेथे याच खाऱ्या भूजलात मासे आणि कोळंबी वाढवण्याचे प्रयोग झाले. या पाण्यातील पिलांना खाद्यातून किती प्रथिने द्यावीत, यावरही त्या संस्थेत संशोधन झाले आहे. पुढे शेतकऱ्यांनी व्हेनामी कोळंबीची तळी केली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही खाऱ्या जमिनीवरील मत्स्यशेतीला स्थान दिले गेले.

आपल्याकडेही जाणकार दूर नाहीत. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र भरूचला आहे. खाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या चेन्नईच्या संस्थेचे केंद्र नवसारीला आहे. अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे केंद्र तर वडोदऱ्यातच आहे. विचारायला जावे एवढेच काम आपल्याकडे उरते.

खारे म्हणजे समुद्राचे नव्हे

पहिली गोष्ट पाण्याची. पाणी खारट लागले म्हणजे ते समुद्राच्या पाण्यासारखे झाले, असा समज आहे. तो खरा नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण जगभर जवळजवळ सारखे असते. त्या लिटरमध्ये पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. त्याच प्रमाणाने, लिटरला १० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात पोटॅशियम ११० मिलिग्रॅमच्या आसपास असायला हवे. पण जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात ते पुष्कळदा याहून फारच कमी भरते, कारण मातीतील चिकण कण पोटॅशियम धरून ठेवतात. कॅल्शियम मात्र बहुधा जास्त असते.

याचा पिलांशी संबंध काय? माशाच्या कल्ल्यांत क्षार आत-बाहेर करणारी यंत्रणा रात्रंदिवस चालू असते आणि ती चालायला सोडियमबरोबर पोटॅशियम लागते. ते कमी पडले की पिले सुस्त होतात, खाणे सोडतात, वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियात पोटॅशियम कमी असलेल्या खाऱ्या भूजलात जिताड्याची पिले अशक्त होऊन मेली, तेव्हा त्यांचे स्नायू झिजलेले आढळले. अशा पिलांना कितीही भारी खाद्य घातले तरी अंगी लागणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून बीज आणण्याआधी पाणी तपासून घ्यावे. नुसता खारटपणा मोजून भागत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू, असे सगळे आकडे लेखी घ्यावेत. पोटॅशियमची उणीव शेतात घालतो त्या म्युरिएट ऑफ पोटॅशने भरून काढता येते, पण त्याचा खर्च आधी मांडून पाहावा. एक एकर तळ्यात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० घनमीटर पाणी. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढवायला सुमारे ८ किलो पोटॅश लागते. ५० मिलिग्रॅम वाढवायचे तर ४०० किलो, म्हणजे ५० किलोची आठ पोती. हा खर्च झेपत नसेल तर तळे लहान करावे किंवा विचार सोडून द्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे आहे.

पिलांची भूक वेगळी

आता खाद्याकडे वळू. आपल्या घरात सहा महिन्यांच्या मुलाला मोठ्यांची भाकरी-चटणी कोणी देत नाही. त्याला मऊ भात, वरण, दूध, अंडे द्यावे लागते, कारण त्याचे अंग भरायचे असते. मोठा माणूस कमी प्रथिनांवर तग धरतो, मूल धरत नाही. माशांचे तसेच आहे, किंबहुना अधिक आहे. पीठ-साखरेवर अंगातील बहुतेक ऊर्जा भागवणे आपल्याला जमते, तसे माशाला जमत नाही. तो प्रथिनांतूनच पुष्कळशी ऊर्जा काढतो. म्हणून त्याच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण कोंबडी-बकरीच्या खाद्यापेक्षा जास्त लागते.

साधारण आकडे असे आहेत. कटला, रोहू, टिलापिया यांच्या अगदी लहान पिलांना खाद्यात शंभरात ४० च्या आसपास प्रथिने लागतात. बोटुकली झाली की ३० ते ३५ पुरतात. मोठ्या माशाला २५ ते ३० वर भागते. दूधमासा, म्हणजे मिल्कफिश, त्याच्या पिलांनाही सुमारे ४० लागतात. जिताडा मांसाहारी असल्यामुळे त्याला ४० ते ५० द्यावी लागतात. हे आकडे बहुतेक करून स्वच्छ पाण्याच्या टाक्यांतील प्रयोगांतून आलेले आहेत. तळ्यात शेवाळ व सूक्ष्म जीव असले तर काही प्रथिने त्यांतून मिळतात आणि खाद्यात थोडी कमी चालतात. पण बोअरचे नुकतेच उपसलेले पाणी अगदी कोरे असते. त्यात ही हिरवळ नसते, आणि ती येईपर्यंत पिलांना आपल्याच हातचे खावे लागते. म्हणून पिले सोडण्यापूर्वी तळे हिरवे करून घ्यावे.

खारेपणाचाही यात वाटा आहे. माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९-१० ग्रॅम क्षार असतात. बाहेरचे पाणी याच्या जवळपास असेल तर क्षारांचा तोल राखायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. पाणी याहून फार खारे झाले की त्याला आतले क्षार सतत बाहेर टाकावे लागतात. या कष्टाला ऊर्जा लागते आणि ती खाद्यातूनच येते. खाद्यात तेल व पिष्ट पुरेसे नसेल तर मासा अंग भरायची प्रथिने जाळून ती ऊर्जा मिळवतो. आपण महागाची पेंड घालतो आणि ती सरपणासारखी जळून जाते. म्हणून पिलांच्या खाद्यात प्रथिनांबरोबर थोडे तेल आणि शिजलेले पिष्टही असले पाहिजे.

मासाही पाणी पाहून निवडावा. कटला-रोहू गोड्या पाण्याचे. लिटरला ४-५ ग्रॅम क्षारांपलीकडे त्यांचा हट्ट धरू नये. त्याहून खाऱ्या पाण्यात दूधमासा, बोय, जिताडा हे समुद्र-खाडीचे मासे टिकतात. टिलापिया किंवा व्हेनामी कोळंबी घालायची असेल तर आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.

दोन चुकीच्या वाटा

आमच्या पाहण्यात लोक दोन टोकांना जातात. पहिले टोक काटकसरीचे. ‘पिले एवढीशी, त्यांना काय लागते?’ असे म्हणून भाताचा कोंडा आणि थोडी पेंड मूठमूठ टाकली जाते. कोंड्यात प्रथिने शंभरात जेमतेम १२. पिले जगतात, पण वाढत नाहीत. लहानमोठी होतात, मोठी लहानांना उपाशी ठेवतात, रोग शिरतो. पाच महिन्यांनी जाळे टाकले की बोटभर मासे हाती येतात आणि दोष पाण्यावर ढकलला जातो.

दुसरे टोक उधळपट्टीचे. दुकानदार सांगतो की प्रथिने जितकी जास्त तितका मासा मोठा. मग ४० टक्क्यांची पोती अगदी विक्रीच्या दिवसापर्यंत चालू राहतात. ही ‘पी हळद आणि हो गोरी’ची आशा आहे. माशाला लागतात त्याहून जास्त प्रथिने त्याच्या अंगात साठून राहत नाहीत. ती मोडून त्यांचा अमोनिया होतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. १०० किलो खाद्यात ४० टक्के प्रथिने असली तर त्यात सुमारे साडेसहा किलो नत्र असते. माशाच्या अंगी त्यातील चौथा ते तिसरा हिस्सा लागतो. बाकीचे चार किलोंहून अधिक नत्र तळ्यातच राहते. पाण्याचा सामू जास्त असला की हाच अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणजे पैसे देऊन विष विकत घेतल्यासारखे झाले. शेवटी हिशेब मांडला की खाद्य माशाहून महाग पडते. नाकापेक्षा मोती जड!

हिशेब मांडून पाहा

मधली वाट कोणती, ते एका साध्या गणिताने दिसेल. समजा, ५,००० बोटुकल्या सोडल्या, प्रत्येकी २ ग्रॅमच्या. मर तूर्त बाजूला ठेवू. त्या २० ग्रॅमच्या होईपर्यंत त्यांचे वजन ९० किलोंनी वाढेल. एक किलो वाढीला दीड किलो खाद्य धरले तर लागेल १३५ किलो. पुढे तेच मासे ५०० ग्रॅमचे होईपर्यंत आणखी २,४०० किलो वाढ होईल आणि त्याला किलोमागे पावणेदोन किलो धरले तर ४,२०० किलो खाद्य लागेल.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. लहानपणीचे सगळे खाद्य एकूण खाद्याच्या शंभरात फक्त तीन किलो आहे. त्या तीन किलोंत काटकसर करून कोणाचे घर भरणार? पण तीच काटकसर पिले रोडावते आणि पुढच्या सत्त्याण्णव किलोंवर पाणी पाडते. उलट, मोठ्या माशाच्या खाद्यात प्रथिने ४० वरून २८ वर आणली तर बचत ४,२०० किलोंवर होते. बचत करायची जागा ती आहे. आमचे म्हणणे थोडक्यात हेच : लहानपणी हात आखडू नये, मोठेपणी हात सैल सोडू नये. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे चालते.

पोत्यावरचा आकडा आणि आतला माल

पोत्यावर छापलेली प्रथिनांची टक्केवारी हीच सगळी कहाणी नव्हे. प्रयोगशाळेत नत्र मोजतात, त्याला सव्वासहाने गुणतात आणि त्या आकड्याला प्रथिने म्हणतात. पण प्रथिने अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांपैकी दहा माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात. एक जरी कमी पडले तरी बाकीची वाया जातात. आपल्या ताटात भाकरीत उणे असलेले लायसिन डाळ भरून काढते आणि डाळीत उणे असलेले मेथिओनिन भाकरी पुरवते, म्हणून दोन्ही मिळून पोषण पुरे होते. माशाच्या खाद्यातही तसेच मिश्रण हवे. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने ४० च्या वर असतात, पण लायसिन व मेथिओनिन कमी. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन बरे असते. मासळीच्या कुटीत दोन्ही चांगली असतात, पण ती महाग.

बोटुकलीसाठी घरी खाद्य करायचे तर १०० किलोंना असा अंदाज धरता येईल : शेंगदाणा पेंड ३०, सोयाबीन पेंड २०, मासळीची कुटी १५, भाताचा बारीक कोंडा ३४ आणि क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण १ किलो. माल चांगला असेल तर यात प्रथिने सुमारे ३५ भरतात. मासे मोठे झाले की कुटी आणि सोयाबीन कमी करत कोंडा वाढवावा. नुसती शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मेनिम्मे घेतले तर प्रथिने सुमारे २७ पडतात. मोठ्या रोहूला हे चालून जाते, पिलांना नाही.

काही जपणूक अवश्य करावी. पेंडीला बुरशी आली असेल तर ती उकिरड्यावर टाकावी, तळ्यात नव्हे. त्या बुरशीचे विष माशाचे यकृत खराब करते आणि तीच पेंड गाईला घातली तर ते दुधात उतरते. कच्चे सोयाबीन घालू नये. उष्णता दिल्याशिवाय त्यातील प्रथिने नीट पचत नाहीत. सरकी पेंड आपल्याकडे मुबलक आहे, पण तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. पिलांना ती देऊच नये. खाद्याचा दाणा पिलांच्या तोंडात मावेल एवढाच असावा आणि दिवसाचे खाद्य तीन-चार वेळा वाटून द्यावे. बोटुकल्यांना रोज त्यांच्या वजनाच्या शंभरात पाच, मोठ्यांना दोन-तीन भाग पुरतात. परातीत घालून पाण्यात सोडावे आणि तासाभराने पाहावे. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे.

दोन गोष्टी विवेकाच्या

येथवर पैशाचे बोललो. पण आणखी दोन गोष्टी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

मासळीची कुटी आकाशातून पडत नाही. समुद्रातील लहान मासळी वाळवून, दळून ती होते. तीच सुकी मासळी कित्येक गरिबांच्या घरी आठवड्याचे कालवण असते. शहरात महागाने विकायचा मासा पोसण्यासाठी ती पोत्यापोत्याने ओतावी, हे आमच्या मनाला पटत नाही. पिलांच्या पहिल्या दोन महिन्यांत थोडी लागते, तेवढी घ्यावी. कटला, रोहू, दूधमासा यांसारख्या माशांना पुढे पेंडींवर वाढवता येते आणि तसेच वाढवावे. जेथे लहानांची गरज खरी आहे तेथे द्यावे, जेथे नुसती हाव आहे तेथे आवरावे. घरच्या पंगतीत आपण हेच करतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. खाऱ्या पाण्याचे तळे झिरपले तर बांधापलीकडचे चांगले वावर नासते. एकाच्या माशापायी दुसऱ्याचा गहू जाऊ नये. म्हणून जी जमीन आधीच खारी झाली आहे, तेथेच असे तळे करावे. तळ नीट बसवावा किंवा प्लास्टिक अंथरावे. मासे काढल्यावर पाणी ओढ्यात वा शेजारच्या चरात सोडू नये. चांगली जमीन अनुदानासाठी खणून खारी करणाऱ्याला आम्ही शेतकरी म्हणणार नाही.

आपल्या मंडळींपैकी ज्यांची जमीन खरोखरच खारी आहे, त्यांनी यंदा बीज किंवा खाद्य घेण्याची घाई करू नये. आधी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत बोअरचे पाणी भरावे आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कचेरीत जाऊन ते कोठे तपासून मिळेल ते विचारावे. चार-पाच घरांनी मिळून गेले तर खर्च वाटला जाईल आणि ऐकलेले एकाने विसरले तरी दुसऱ्याच्या लक्षात राहील. पाण्याचे आकडे ठीक आले तर पहिल्या वर्षी एकच लहान तळे करावे. पिलांचे खाद्य कशाचे, किती आणि कोणत्या दिवशी घातले, हे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावे. दर पंधरवड्याला वीस-पंचवीस पिले तोलून वजनही त्याच वहीत मांडावे. वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन या. पुढच्या वर्षी दुसरे तळे खणायचे की नाही, ते आपण सगळे मिळून तिच्या आधारे ठरवू.